न्हाणीघरातील सव्वाशे वर्षे

गेल्या हळदीकुंकवाच्या वेळी आपल्या एका तरुण सभासद भगिनीने सहज विचारले, "गीझर कोणता घ्यावा हो?" तेथे आम्ही दहा जणी होतो आणि उत्तरे अकरा आली. कोणी विजेचा म्हणाले, कोणी गॅसचा, कोणी गच्चीवर सूर्यबंब बसवा म्हणाले. कोपऱ्यात बसलेल्या एक वयोवृद्ध बाई म्हणाल्या, "आमच्या बंबाचं काय वाईट होतं?" सगळ्या हसल्या. मला मात्र त्या प्रश्नाने रात्री बराच वेळ जागे ठेवले. बंबाचे खरोखरच काय वाईट होते आणि काय चांगले होते, हे आपण कधी नीट पाहिलेच नाही. स्वयंपाकघराविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, न्हाणीघराला आणि धुण्याच्या दगडाला मात्र इतिहास असतो असे कोणाच्या मनात येत नाही. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी मी हा विषय घेतला. जे आठवते ते आणि जे वाचून समजून घेतले ते, दोन्ही येथे एकत्र सांगते.

आधी बंबाविषयी. माझे माहेर पुण्यातल्या पेठेतले. आमचा बंब कसब्यातील तांबट आळीतून आलेला होता. तांबे ठोकून ठोकून घडविण्याची ती आळी पेशवाईपासूनची. लहानपणी तेथून जाताना बोलणे ऐकू येत नसे, इतके हातोड्यांचे ठोके चालत. हे ठोके केवळ नक्षीसाठी नसतात. ठोकल्याने तांबे कठीण होते आणि पातळ पत्र्याचे भांडेही आकार सोडीत नाही. तांबे उष्णता फार लवकर पसरविते आणि लोखंडासारखे गंजत नाही, म्हणून बंबाला तांबेच हवे.

बंबाची रचना मोठी शहाणपणाची होती. तळाशी जाळी, तिच्यावर विस्तव, मधोमध वरपर्यंत गेलेली नळी आणि त्या नळीच्या चहूबाजूंनी पाणी. चुलीवरच्या हंड्याला फक्त बुडाकडून ऊब मिळते, बाकीची बाजूने निघून जाते. बंबात विस्तव पाण्याच्या पोटात असतो, त्यामुळे ज्वाळेची आणि धुराचीही उष्णता पाण्यालाच मिळते. म्हणूनच बंबफोडीच्या चार ढलप्या, दोन गोवऱ्या आणि मूठभर करवंट्या एवढ्यावर घरभराचे पाणी तापत असे. एकच पथ्य होते: पाणी भरल्याशिवाय बंब पेटवायचा नाही. पेटविला तर सांधा सुटे आणि बंब पुन्हा तांबट आळीत जाई.

आता त्याचे वाईट काय ते सांगते. बंब पहाटे पाच वाजता पेटविला जाई आणि तो पेटविणारी माझी आई असे. विहिरीचे किंवा हौदाचे पाणी शेंदून आणणारीही तीच. धुराने डोळे चोळणारीही तीच. पहिले कढत पाणी आजोबांना, मग वडिलांना आणि काकांना, मग शाळेत जाणाऱ्या मुलांना. बायकांची पाळी येई तेव्हा विस्तवाची राख झालेली असे आणि बंबात पुन्हा ओतलेले पाणी कोमट असले तरी नशीब. ज्या हातांनी बंब पेटविला त्यांच्या वाट्याला कढत पाणी दिवाळीच्या अभ्यंगाखेरीज क्वचितच आले. त्यात कोणाला अन्याय वाटत नसे, आईलाही नाही. म्हणून बंबाची आठवण काढताना तांब्याच्या झळाळीबरोबर ही रांगही आठवावी, असे मला वाटते.

धुण्याची गोष्ट याहून मोठी. त्या काळी घरच्या कपड्यांचे दोन भाग असत. रोजचे धुणे घरी आणि चादरी, धोतरे, कोट परटाकडे. परीट आठवड्याने येई. त्याची वही असे. तिच्यात धोतरे किती, सदरे किती, उशीचे अभ्रे किती हे आई लिही आणि कपडे परत आले की मोजून घेई. कोणाचा कपडा कोणता हे त्याला कसे कळे? प्रत्येक घराची एक खूण तो बिब्ब्याने कपड्याच्या कोपऱ्यावर करी. बिब्ब्याच्या रसाचा काळा डाग पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही, भट्टीतही जात नाही. ज्या डागाला इतर वेळी आपण भितो त्याच डागाचा त्याने हिशेब केला होता. परटाच्या भट्टीत सोड्याच्या पाण्यात बुडविलेले कपडे वाफेवर रात्रभर ठेवीत, मग दगडावर आपटीत, मग नीळ, खळ आणि इस्त्री. 'परीटघडी' हा शब्द आपल्या भाषेत त्या कष्टातून आला आहे. मुंबईत महालक्ष्मीचा धोबीघाट १८९० च्या सुमारास बांधला गेला तो याच कामासाठी. स्वच्छतेचा मंत्र महाराष्ट्राला हातात झाडू घेऊन शिकविणारे गाडगे महाराज (१८७६ ते १९५६) परीट घराण्यात जन्मले होते, हे येथे आठवणे योग्य होईल.

घरच्या धुण्याला पूर्वी रिठा, पापडखार नाहीतर चुलीतली राख वापरीत. राखेत खार असतो आणि खार तेलकटपणा काढतो, एवढे ज्ञान आपल्या पणज्यांना पुस्तकाविना होते. विलायती साबणाच्या पेट्या १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. तो सनलाइट साबण. त्यात प्राण्यांची चरबी असेल या शंकेने सोवळ्याच्या घरांत तो लवकर शिरला नाही. गोदरेज कंपनीने १९१८ साली वनस्पती तेलापासून साबण काढला तेव्हा ती अडचण दूर झाली आणि स्वदेशीचे समाधानही मिळाले. पुढे १९५९ साली सर्फची पूड आली आणि १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी निरमा सुरू केली. स्वस्त पूड मध्यम आणि गरीब घरांत गेली ती त्यामुळेच.

साबण आणि पूड यांत फरक काय, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसते. दोन्हींचे काम एकच. त्यांच्या कणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला धरते, म्हणून तेलकट मळ कपडा सोडून पाण्याबरोबर जातो. परंतु विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यात चुन्याचे क्षार असतात. त्यांच्याशी साबणाची गाठ पडली की फेस येण्याऐवजी पांढरट साय बनते आणि ती कपड्यालाच चिकटते. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, त्यात साबणही चालत नाही, असे समजावे. पुडीला या क्षारांचा त्रास पुष्कळ कमी होतो. टँकरचे किंवा कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पाण्याची किंमत मला कळली ती १२ जुलै १९६१ रोजी. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले. पूर ओसरला, पण नळ कोरडे पडले. मी तेव्हा दहा वर्षांची होते. पेठांतील जुन्या विहिरी आणि हौद यांची लोकांना पुन्हा आठवण झाली. कळशी कमरेवर घेऊन मीही आईबरोबर जात असे. पिण्याला दोन कळश्या पुरत, स्वयंपाकाला दोन पुरत, परंतु चिखलाने माखलेले धुणे मात्र किती कळश्या आणल्या तरी संपत नसे. आई म्हणाली, "पोटाला पाणी थोडं लागतं गं, धुण्याला समुद्र लागतो." पुढे कोणतेही यंत्र घेताना मी पहिला प्रश्न विचारला तो हाच: याला पाणी किती लागते?

आता गीझरकडे वळू. हे नाव आइसलँड देशातील उसळणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्यावरून आले. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉघन या गृहस्थाने गॅसवर चालणारे, तोटी फिरविताच गरम पाणी देणारे यंत्र केले आणि त्याला हे नाव दिले. लोकांना मोठा अचंबा वाटला. परंतु त्या यंत्रात एक मोठा दोष होता. जळलेल्या गॅसचा धूर बाहेर नेणारी नळीच त्याला नव्हती. बंबाला नळी होती, न्हाणीला धुराडे होते, आणि या सुधारलेल्या यंत्राला ते नव्हते!

हा दोष दीडशे वर्षांपूर्वीचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण तो माझ्या घरापर्यंत आला. १९९९ च्या जानेवारीत माझ्या नणंदेच्या मुलीने न्हाणीघरात जाऊन कडी लावली. गॅसचा गीझर आतच, डोक्यावर बसविलेला. थंडी वाजते म्हणून खिडकी बंद. वीस मिनिटे झाली, पाण्याचा आवाज चालूच, हाकेला ओ नाही. दार फोडले तेव्हा पोर खाली पडलेली होती. कोणी म्हणाले, उपास केला होता म्हणून चक्कर आली. कोणी कांदा आणायला धावले. वन्संनी मात्र तिला तशीच ओढून मोकळ्या गॅलरीत आणले आणि त्यामुळेच ती वाचली. इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे का?" प्राणवायू दिल्यावर ती शुद्धीवर आली. आज ती दोन मुलांची आई आहे. ज्या दुकानातून तो गीझर घेतला, तेथून बसवायला आलेल्या माणसाने आत बसवू नका असे एका शब्दाने सांगितले नव्हते.

काय घडले होते ते आपण सर्वांनी नीट समजून घ्यावे. कोंदट जागेत गॅस जळू लागला की तेथील प्राणवायू कमी होतो आणि ज्वाला अर्धवट जळते. अशा जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यायचा, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग डोके जड होते, पाय गळतात, आणि कडी काढावी एवढी शक्तीही राहत नाही. म्हणून गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा, त्याचा धूर बाहेर जाण्याची सोय असावी. तो आत असेल तर आधी बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्यावी आणि मगच स्नानाला बसावे. हे झाले तात्पुरते. खरा उपाय तो बाहेर हलविणे हाच.

विजेच्या गीझरात हा वायू नाही, परंतु वीज आणि पाणी एकत्र असल्याने दुसरी काळजी आहे. आपल्याकडे खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि कोयनेची वीज १९६२ च्या सुमारास येऊ लागली. तरी घरोघरी आधी दिवे आले, मग पंखे, आणि गीझर फार उशिरा. मधल्या काळात बादलीत सोडायची विजेची कांडी आली. स्वस्त म्हणून मीही ती वापरली. एकदा बटण चालू ठेवून पाण्यात बोट घातले आणि असा झटका बसला की तांब्या हातातून उडाला. तेव्हापासून कांडी घरात ठेवली नाही. कोणाकडे असेलच तर बटण बंद करून, पिन काढून, मगच पाण्याला हात लावावा आणि मुलांना तेथे फिरकू देऊ नये.

विजेच्या गीझरात पाण्याची टाकी असते, तिच्या आत तापणारी कांडी, ठराविक उष्णतेला वीज तोडणारा थर्मोस्टॅट, आणि दाब फार वाढला तर पाणी सोडणारी सुरक्षा झडप. ही झडप ठिबकते म्हणून तिचे तोंड बंद करू नये, ती आपला जीव राखते. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजू देत नाही. ती झिजून गेली की बदलावी लागते, हे दुकानदार क्वचितच सांगतो.

आकार किती घ्यावा? एक हिशेब सांगते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते. २ किलोवॅटच्या गीझरला त्याला वीस मिनिटांच्या आतबाहेर वेळ लागतो. त्या पाण्यात २० लिटर थंड पाणी मिसळले की ४० अंशांचे ३५ लिटर पाणी होते, म्हणजे स्नानाच्या दोन बादल्या. मोठ्या कुटुंबाला २५ लिटरचा घ्यावा, दोघांना १५ चा पुरे. झटपट तापविणारा लहान गीझर स्वयंपाकघराच्या मोरीला ठीक आहे, परंतु हिवाळ्यात त्याची धार बारीक करावी लागते. विकत घेताना तारांकित लेबल पाहावे. आपल्या देशात ही ताऱ्यांची पद्धत २००६ साली सुरू झाली. गीझर नुसता तापून उभा असताना किती वीज वाया घालवितो, ते त्यावरून कळते. भिंतीत अर्थिंगची तार खरोखर आहे की नाही हे जाणत्या वायरमनकडून पाहून घ्यावे आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवावा. गच्ची असेल तर सूर्यबंबासारखी सोय नाही. त्यात तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर टाकीत चढते, जुन्या बंबात चढे तसेच.

आता कपडे धुण्याचे यंत्र. विजेवर चालणारी यंत्रे अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी निघाली, आणि आपोआप धुऊन पिळणारे बेंडिक्स कंपनीचे यंत्र १९३७ साली लोकांपुढे आले. आपल्याकडे मध्यमवर्गात ते शिरले १९८० चे दशक सरता सरता, दूरदर्शनवरील जाहिरातींबरोबर. यंत्र नवे असले तरी काम जुनेच करते. मळ निघायला पाणी, साबण, ऊब, वेळ आणि आपटणे या पाच गोष्टी लागतात. एक कमी झाली तर दुसरी वाढवावी लागते. दोन टाक्यांच्या यंत्रात तळची चकती पाणी घुसळते आणि पिळायची टाकी वेगळी असते. समोरून दार असलेल्या यंत्रात आडवे पिंप कपडे वर उचलते आणि खाली टाकते, म्हणजे दगडावर आपटण्याचीच ही सौम्य नक्कल. म्हणून त्याला पाणी कमी लागते आणि कपडे कमी झिजतात. मात्र त्याला नळाला चांगला दाब हवा, फेस कमी करणारी पूड हवी, आणि गरम पाण्याचे बटण दाबले तर विजेचा मोठा भाग पाणी तापविण्यातच जातो. ज्या घरी पाणी तासभर येते, तेथे बादलीने भरता येणारे दोन टाक्यांचेच यंत्र सोयीचे. यंत्रावरचा किलोचा आकडा कोरड्या कपड्यांचा असतो आणि पिंप दाबून भरले तर कपड्यांना हलायला जागा उरत नाही. धुणे झाल्यावर झाकण थोडे उघडे ठेवावे, नाहीतर कुबट वास धरतो.

भगिनींनो, येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. १९९३ साली आमच्याकडे यंत्र आले. त्यापूर्वी सोळा वर्षे एक बाई आमचे धुणे धूत होत्या. यंत्र बसवीत असताना त्या दाराशी उभ्या राहून पाहत होत्या. माणूस गेल्यावर त्यांनी यंत्रावरून हात फिरविला आणि विचारले, "वहिनी, आता माझं काय?" मी म्हणाले, "तुम्ही भांडी करा की." भांड्यांचे पैसे धुण्याच्या निम्मे होते, हे मला ठाऊक होते आणि त्यांनाही. तीन महिन्यांनी त्या येईनाशा झाल्या. मी चौकशीलाही गेले नाही. त्यांच्या बोटांना सोड्याने पडलेल्या भेगा मला सोळा वर्षे दिसत होत्या. त्या भेगा थांबल्या याचे बरे वाटावे, तर त्यांची मिळकतही थांबली. यंत्राने माझी कंबर वाचविली, आणि त्याची किंमत मी एकटीने दिली नाही.

पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, तेव्हा आमच्या घरातही कुरकुर झाली होती. आज वाटते, त्या रास्तच मागत होत्या. पगारी रजा, आजारपणाची सुटी, वर्षाला वाढ. पुढे २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंची त्या मंडळाकडे नोंदणी झाली आहे का, हे आपल्यापैकी किती जणींनी विचारले?

यंत्रांमुळे बायका आळशी झाल्या, असे अजूनही ऐकू येते. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली एका पुस्तकात याचा धांडोळा घेतला. त्यांचे म्हणणे असे की यंत्रे आली तशी बाहेरचे माणूस करीत असलेली कामे घरधनिणीकडे परत आली आणि स्वच्छतेची अपेक्षाही वाढली, म्हणून तिचे तास फारसे घटले नाहीत. आपलेच पाहा. परटाची वही गेली, धुणेवाली गेली, आणि एकदा अंगावर घातलेला शर्ट आता लगेच यंत्रात पडतो. बटण दाबणारे बोट बहुतेक घरी अजून बाईचेच आहे. ते बटण मुलाला आणि नवऱ्यालाही दाबता येते, हे सांगायला कोणतेही नवे यंत्र लागत नाही.

म्हणून त्या तरुण भगिनीला माझे उत्तर असे. गीझर कोणताही घे, पण आधी हवा आणि अर्थिंग पाहा. यंत्र कोणतेही घे, पण आधी नळाचे पाणी पाहा आणि दाराशी उभ्या असलेल्या बाईकडे पाहा. आणि मंडळाला एक विनंती. येत्या थंडीच्या आधी आपण दोघी-दोघी मिळून आपल्या गल्लीतील घरे पालथी घालू या. ज्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आत असेल तेथे तो बाहेर हलवायला सांगू या. माझी भाची वाचली, ती वन्संच्या प्रसंगावधानाने. सगळ्यांच्याच वन्स वेळेवर दार फोडायला येतील, असे नाही.